जामखेडच्या बायका आणि दर आठवड्याची ती बैठक

आज्जीने हापशाचं पाणी आयुष्यात पहिल्यांदा भरलं ते दलित वस्तीत जाऊन. बहात्तरच्या दुष्काळात. गावची विहीर तळाला गेलेली, बायका आत उतरून वाटी वाटी पाणी घागरीत भरायच्या, आणि तेवढ्यात जामखेडच्या डॉक्टरांनी बोअर पाडली ती नेमकी वस्तीत. आज्जीच्या सासूने पहिल्या दिवशी ती घागर उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. तिसऱ्या दिवशी सासू स्वतःच म्हणाली, जा बाई, घेऊन ये. आमच्या घरात ही दुष्काळाची गोष्ट म्हणून सांगतात, लाल मिलोच्या भाकरी, खडी फोडायचं काम, सुकडी आणि मग हा हापसा. ती बोअर तिथे ठरवून पाडलेली होती हे मला कळलं तेव्हा मी पंचविशीत होते.

तेव्हापासून जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाबद्दल मिळेल ते वाचतेय, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारत असते. या दिवाळीत गावी गेले होते, मावशी पण आलेली, ती आशा वर्कर आहे शेजारच्या तालुक्यात, रात्री ओट्यावर बसून आम्ही तिघी बोलत होतो, आज्जी, मावशी आणि मी, आणि त्या गप्पांनंतर वाटलं की आता हे लिहूनच काढावं. लांब होणार आहे, सवडीने वाचा.

ज्यांना तो भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जामखेड हा जुन्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा पार टोकाचा तालुका, पलीकडे लगेच बीड लागतं. अहिल्याबाईंचं चौंडी याच तालुक्यात, १७९५ ची निजाम-मराठे लढाई झाली ते खर्डा पण इथलंच. इतिहास भरपूर आणि पाऊस कमी. दसरा दिवाळी झाली की बैलगाड्या नाहीतर ट्रक भरून माणसं ऊसतोडीला जातात, मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं राहतात. १९७० मध्ये अशा ठिकाणी स्वतःहून कोण डॉक्टर येणार होतं?

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे आले. रजनीकांत नगर जिल्ह्यातलेच, आईवडील शिक्षक. मेबल मूळच्या जबलपूरच्या. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले, १९६० ला लग्न केलं आणि १९६२ पासून काही वर्षं नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये काम केलं. तिथे त्यांच्या लक्षात आलं की आपण ज्याला बरं करून घरी पाठवतो तेच पोर दोन महिन्यांनी पुन्हा तसंच खंगून येतंय, पुन्हा जुलाब, पुन्हा तेच. येणाऱ्या आजारांपैकी बहुतेक आजार मुळात होऊच द्यायला नको होते असे होते. म्हणजे औषध दिलं तरी घरी गेल्यावर पाणी तेच गढूळ, खायला तेवढंच, आणि बाळंतपण त्याच विळ्याने. मग दोघं अमेरिकेला गेले, पुढचं शिक्षण घेतलं, जॉन्स हॉपकिन्सला डॉ. कार्ल टेलर यांच्याकडे सार्वजनिक आरोग्य शिकले आणि परत आले ते थेट जामखेडला. सुरुवात झाली जनावरांच्या एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत. पहिल्यांदा आठ गावं घेतली, लोकसंख्या सगळी मिळून दहा हजारांच्या आसपास.

आता एक आकडा सांगते. १९७१ मध्ये या भागात हजार जन्मांमागे १७६ मुलं एक वर्षाची व्हायच्या आत जात होती. साधारण दर सहा बाळांमागे एक. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा आज्जीला फोन केला होता, तिला आकडा सांगितला तर ती शांतपणे म्हणाली, "माझी दोन गेली." एक हगवणीने आणि एक धनुर्वाताने, आठव्या दिवशी. आठव्या दिवसाच्या धनुर्वाताला तेव्हा देवीचा कोप समजायचे, आणि खरं कारण म्हणजे नाळ ज्या विळ्याने कापली तो विळा. आमच्या घरात या दोन बाळांची नावं पण कुणाला माहीत नाहीत कारण बारसं होईपर्यंत ती राहिलीच नाहीत.

लोकांनी मात्र डॉक्टरांना आरोग्य मागितलंच नव्हतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लोकांनी पाणी मागितलं आणि खायला मागितलं. आरोळेंनी ते ऐकलं. दुष्काळ पडल्यावर लहान मुलांसाठी गावागावात सामुदायिक स्वयंपाकघरं निघाली, सरपण गावाचं, हात गावाचे, धान्य बाहेरून आणि थोडं गावातूनही. पाण्यासाठी बोअर. आणि बोअर कुठे पाडायची हे ठरवायची वेळ आली तेव्हा त्यांनी आग्रह धरला की वस्तीजवळ पाडायची. भाषण करून अस्पृश्यता जाईल यावर त्यांनी वेळ घालवला नाही, पाणीच तिकडे ठेवलं. तहान लागल्यावर आमच्या पणजीला तिसऱ्या दिवशी तिकडे बघावंच लागलं. मी आज्जीला विचारलं की तुला तेव्हा काय वाटलं, तर म्हणाली, "वाटायचं काय, रांगेत उभी राहिले. माझ्या पुढं जी होती तिनंच दांडा मारला माझ्यासाठी, मी पोटुशी होते."

मग आली मंडळं. बरेच लोक जामखेडची गोष्ट म्हणजे एका डॉक्टर जोडप्याची गोष्ट म्हणून सांगतात, १९७९ चा मॅगसेसे, १९९० चं पद्मभूषण, आणि त्यांचं मोठेपण आहेच, पण खरी ताकद गावातल्या लोकांनी फुकट दिलेल्या वेळात होती असं मला मनापासून वाटतं. पुरुषांना गोळा करायला सुरुवात कशाने केली तर व्हॉलीबॉलने. संध्याकाळी गावात जायचं, पोरांबरोबर खेळायचं, खेळ झाला की सगळे तिथेच मैदानात बसणार, मराठा दलित धनगर सगळी एकत्र, आणि मग बोलणं निघणार. त्यातून शेतकरी मंडळं झाली. या मंडळांनी बांधबंदिस्ती केली, झाडं लावली, गावाचा सर्व्हे करायला मदत केली, लसीकरणाच्या दिवशी घराघरातून पोरं गोळा केली. आज्जीचा भाऊ त्या मंडळात होता. तो आता नाही, पण त्याने लावलेली लिंबं ओढ्याच्या कडेला अजून उभी आहेत, त्यांच्या सावलीला आजही म्हशी बसतात.

बायकांची महिला विकास मंडळं थोडी नंतर झाली आणि त्यांना जास्त वेळ लागला, कारण बाईने संध्याकाळी घराबाहेर बसायचं म्हणजे घरात कुणीतरी विचारणारच कुठे चाललीस. आज्जी आमच्या गावच्या मंडळात होती. बचत, शेळीसाठी छोटं कर्ज, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोलायला जागा. "आम्हाला आधी आमचं नाव सांगता येत नव्हतं गं," ती म्हणते, "अमक्याची सून, तमक्याची आई एवढंच. तिथं गेल्यावर पहिल्यांदा स्वतःचं नाव मोठ्यानं घेतलं तर घशात अडकलं."

आता मुद्द्यावर येते, म्हणजे आरोग्य कार्यकर्तीवर.

सुरुवातीला आरोळेंनी बहुतेक सगळे करतात तेच केलं, शिकलेल्या नर्सला गावात राहायला पाठवलं. ते चाललं नाही. तरुण मुलगी, एकटी, परक्या गावात, तिला तिथे राहायचं भय, गावाला तिचं बोलणं परकं, बाळंतपणाला कोण तिला बोलावणार, तिचं तर लग्न पण झालेलं नाही. मग विचार पुढे आला तो साधा होता, बाहेरून बाई कशाला आणायची, गावातलीच घ्या. तिला लिहितावाचता येत नसलं तरी चालेल, पण तिने स्वतः पोरं वाढवलेली असावीत, गावाने तिला निवडलेलं असावं आणि तिच्या मनात दुसऱ्यासाठी धावून जायची इच्छा असावी. निवडल्या गेलेल्यांमध्ये दलित बायका होत्या, विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या, आणि वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्याही होत्या. सगळ्या अनपढ किंवा चौथी पाचवीपर्यंत गेलेल्या. त्यांना पगार नव्हता. स्वतःच्या पायावर उभं राहायला छोटी कर्जं मिळायची, कुणी शेळ्या पाळल्या, कुणी बांगड्या विकल्या, आणि आरोग्याचं काम मात्र सेवा म्हणून.

आमच्या आळीतली जी होती तिला सगळे आक्का म्हणायचे. मी पण आक्काच लिहिते, नाव लिहीत नाही. नवऱ्याने सोडलेली, भावाच्या घरी राहायची, दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायची. गावाने तिला निवडलं ते खरं तर दुसरी कुणी तयार नव्हती म्हणून. ट्रेनिंगला जामखेडला जायची तेव्हा भावजय म्हणायची की ही फिरायला चालली. परत आली की आक्का बायकांना सांगायची, पोटुशी बाईने जास्त खायचं. बायका हसायच्या. तेव्हा समजूत अशी की पोटुशीने कमी खावं म्हणजे पोर लहान राहतं आणि बाळंतपण सोपं होतं. चिकाचं दूध पिळून फेकून द्यायचे. जुलाब लागलेल्या पोराला पाणी बंद करायचे, कारण पाणी दिलं की जुलाब वाढतात असं दिसायचंच डोळ्यांना. आक्काचं कुणी ऐकलं नाही, चांगलं वर्षभर ऐकलं नाही.

मग माझ्या आईला जुलाब लागले. आई वर्षाची असेल. आधीची दोन गेलेली, त्यामुळे आज्जीने आशाच सोडली होती, टाळू खोल गेलेली, डोळे आत गेलेले, पोर रडतं पण डोळ्यातून पाणी येत नाही. सासू म्हणाली पाणी देऊ नको. रात्री आक्का आली, चुलीवर पाणी उकळलं, गार केलं, त्यात साखर आणि मीठ मोजून टाकलं, आधी स्वतः चाखून बघितलं आणि चमचा चमचा पाजायला बसली. पोर ओकायचं, ती थांबायची, पुन्हा चमचा. पहाटेपर्यंत. पहाटे पोराने लघवी केली तेव्हा आक्का म्हणाली, "आता राहील." आज्जी ही गोष्ट सांगताना दर वेळी इथे थांबते आणि पदर डोळ्याला लावते, पन्नास वर्षं होत आली तरी.

त्यानंतर आक्काला गावात कुणी फिरायला चालली असं म्हटलं नाही. बाळंतपणं तिच्या हाताने व्हायला लागली, निर्जंतुक ब्लेड, धागा, साबण असं सगळं बरोबर घेऊन. विळा गेला. धनुर्वाताची इंजेक्शनं बायका घ्यायला लागल्या कारण आक्का सोबत उभी राहायची. कुष्ठरोगाचे पेशंट, ज्यांना घरातले गोठ्यात ठेवायचे, त्यांच्यापर्यंत ती गोळ्या घेऊन जायची आणि त्यांच्या हातचं पाणी प्यायची, मुद्दाम, सगळ्यांसमोर. जामखेडच्या दवाखान्यात कुष्ठरोग्यांची वेगळी ओळ नव्हती, सगळ्यांबरोबरच ओपीडीत बसायचे, ते बघून आलेली असल्यामुळे तिला ते जमलं.

मी खूप दिवस विचार करत होते की अनपढ बाईला हे सगळं जमलं कसं. प्रत्येक लेखात लिहिलेलं असतं की डॉक्टरांनी ज्ञान लोकांना दिलं, ते खरंच आहे, पण कसं दिलं? आज्जीने जे सांगितलं त्यात मला उत्तर सापडलं. आक्का ट्रेनिंगला एकदा गेली आणि झालं असं नव्हतं. ती दर आठवड्याला जायची. दोन दिवस. वर्षानुवर्षं. सगळ्या गावच्या बायका तिथे जमायच्या, एकत्र जेवायच्या, एकाच हॉलमध्ये झोपायच्या, जातपात सगळी त्या हॉलच्या दारात गळून पडायची, निदान हळूहळू गळली. पहिल्या दिवशी कुणी कुणाच्या शेजारी बसायला तयार नव्हतं म्हणतात. आणि तिथे फक्त शिकवणं नव्हतं, आधी सगळ्या सांगायच्या, माझ्या गावात या आठवड्यात हे झालं, एक पोर दगावलं, एका बाईला खूप मारलं, एका घराने लस घ्यायला नकार दिला, मी काय करायला पाहिजे होतं. मग दुसऱ्या गावची बाई सांगणार की माझ्याकडे असंच झालं होतं, मी असं केलं. डॉक्टर पण त्यातच बसलेले. मेबलताई त्यांच्याशी तासन्‌तास बोलायच्या असं आज्जीने आक्काकडून ऐकलेलं. म्हणजे आक्काला गावात जेव्हा सगळे हसत होते तेव्हा तिला माहीत होतं की चार दिवसांनी मी अशा ठिकाणी जाणार आहे जिथे मला कुणी हसणार नाही. वर्षभर टिकली ती या जोरावर. नुसत्या ट्रेनिंगवर ती दोन महिन्यात परत खुरपायला गेली असती असं मला वाटतं, आणि आज्जीलाही.

शिवाय दर आठवड्याला फिरतं पथक गावात यायचं, नर्स, समाजकार्यकर्ता, कधी डॉक्टर. ते आले की आधी आक्काच्या घरी जायचे आणि तिच्याबरोबर गाव फिरायचे. गावासमोर डॉक्टर आक्काला विचारतात "काय म्हणताय, कोण आजारी आहे," याचा गावावर काय परिणाम झाला असेल विचार करा. खुरपायला जाणारी टाकलेली बाई, तिला डॉक्टर विचारतात.

इथे मुक्ताबाई पोळ यांचा उल्लेख करायलाच हवा. त्या जामखेडच्या आरोग्य कार्यकर्ती. १९८८ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय आरोग्यावरची मोठी परिषद होती, तिथे त्या बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहात झुंबरं लावलेली. त्या म्हणाल्या की ही झुंबरं सुंदर आहेत पण महाग आहेत आणि बघायला हजारो मैल यावं लागतं, डॉक्टर असेच असतात. मग त्यांनी बरोबर आणलेले दोन छोटे दिवे काढले, एक पेटवला आणि त्यावर दुसरा पेटवला. हा स्वस्त आहे, साधा आहे, पण हा दुसऱ्याला उजेड देऊ शकतो आणि झुंबराला ते येत नाही, आम्ही या दिव्यासारख्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा किती वेळ तसंच बसून होते. ही उपमा कुठल्या सल्लागाराने लिहून दिलेली नाही, दिव्यावर दिवा लावणं आपल्याकडच्या प्रत्येक बाईने हाताने केलेलं आहे.

तोपर्यंत जग जामखेडकडे बघायला लागलं होतं. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांनी स्वतः उभ्या केलेल्या आरोग्यसेवांवर एक पुस्तक काढलं त्यात जामखेडवर प्रकरण होतं, आणि १९७८ ला तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा आटाला जागतिक परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा झाली त्यामागे ज्या थोड्या ठिकाणांचे अनुभव होते त्यात जामखेड होतं. जगभरातून लोक तिथे शिकायला यायला लागले आणि त्यांना शिकवणाऱ्यांमध्ये याच बायका होत्या. १९९३ पर्यंत त्या गावांमधला बालमृत्यूचा आकडा १७६ वरून १९ वर आलेला होता. एकशे शहात्तरवरून एकोणीस. मोठं हॉस्पिटल तिथे कधीच नव्हतं, होतं ते चाळीसेक खाटांचं.

सरकारने पण बघितलं. २ ऑक्टोबर १९७७ ला केंद्र सरकारने देशभर गावागावात आरोग्य कार्यकर्ता नेमायची योजना सुरू केली, तीन महिने ट्रेनिंग, महिना पन्नास रुपये. कल्पना छान होती. पण निवडले गेले ते बहुतेक पुरुष, तीन महिन्यांनंतर पुन्हा बसणं नाही, मागे कुणी उभं नाही, आणि काही वर्षांत योजना विरत गेली. २००५ मध्ये आशा आल्या, या वेळी बाईच पाहिजे हे ठरलेलं, हजार लोकसंख्येमागे एक, आणि हे जामखेडसारख्या ठिकाणांवरूनच शिकलेलं होतं. आशांनी केवढं काम केलं आहे ते मी वेगळं सांगायला नको, कोविडमध्ये सगळ्यांनी बघितलं, २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा सन्मान पण केला. पण मावशीला मी त्या रात्री विचारलं की तुमची मीटिंग असते का, तर ती म्हणाली असते ना, महिन्याला, फॉर्म जमा करायला. तिथे कुणी विचारतं का की तुझ्या गावात काय झालं, तुला कुणी काय बोललं? मावशी हसली आणि म्हणाली, "विचारतात ना, आकडा का कमी आला म्हणून."

आज्जी ऐकत होती. ती म्हणाली, "मग तू रडतीस कुठं?" मावशी काहीच बोलली नाही.

मला त्या क्षणी कळलं की जामखेडमधून सगळ्यांनी पिशवी खांद्यावर घेतलेली बाई तेवढी उचलली. तिच्या मागचा तो हॉल, ते दोन दिवस, ते एकत्र जेवण आणि झोपणं कुणी उचललंच नाही. कारण ते आकड्यात बसत नाही, त्याला बजेटमध्ये कुठला रकाना नाही. एक बाई गावात एकटी पडली की ती फक्त निरोप पोचवणारी होते, आणि तीच बाई तीस जणींमधली एक असली की नवऱ्याने दारू पिऊन मारलेल्या सुनेच्या घरी जाऊन उभी राहू शकते. आशांचे संप झाले, २०२४ च्या सुरुवातीला हजारो जणी मुंबईला आझाद मैदानात बसल्या होत्या, मावशी पण होती. मानधन वेळेवर आणि पुरेसं मिळायलाच पाहिजे, आजच्या काळात फुकट सेवेची अपेक्षा बायकांकडूनच का करायची, हा प्रश्न मी जामखेडचं कितीही कौतुक केलं तरी सोडणार नाही. पण मावशी आझाद मैदानावरून आली तेव्हा पैशांबद्दल कमी बोलली आणि जास्त बोलली ते कोणाकोणाशी ओळख झाली, गडचिरोलीची कशी बोलते, नंदुरबारची काय सांगत होती, रात्री सगळ्या एकत्र कशा झोपल्या. तेव्हा मला वाटलं अरे, ही तर आक्कासारखं बोलतेय.

गडचिरोलीवरून आठवलं. डॉ. अभय आणि राणी बंग पण जॉन्स हॉपकिन्सला कार्ल टेलरांकडेच शिकून आले आणि त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. तिथल्या आरोग्यदूतांनी घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यू तीन वर्षांत ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते आलं. मी हे मुद्दाम लिहितेय कारण जामखेडच्या गावांवर नंतर एक अभ्यास झाला, १९९२ ते २००७ या काळातला, जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये २०१० ला आला, त्यात आजूबाजूच्या गावांपेक्षा इथल्या पाच वर्षांखालच्या मुलांचा मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी निघाला, पण तो फरक पहिल्या महिन्यानंतरच्या वयातला होता, पहिल्या महिन्यातल्या बाळांमध्ये तसा फरक दिसला नाही. म्हणजे जिथे जामखेडचा हात पुरला नाही तिथे गडचिरोलीने वाट काढली. असं एकाचं काम दुसऱ्याने पुढे नेलेलं बघितलं की फार बरं वाटतं.

मेबलताई १९९९ ला गेल्या, रजनीकांत आरोळे २०११ ला. काम त्यांची मुलं शोभा आणि रवी पुढे नेतायत. जुन्या कार्यकर्त्यांपैकी बऱ्याच जणी आता थकल्या, काही गेल्या. शेतकरी मंडळांचा पूर्वीचा जोर राहिला नाही असं आमच्या गावात तरी दिसतं, पोरं पुण्याला चाकणला कंपनीत गेली, व्हॉलीबॉलच्या मैदानात आता मंगल कार्यालय आहे. हापसा अजून आहे पण पाणी नळाचं येतं, ते पण चार दिवसाआड.

आक्का आठ वर्षांपूर्वी गेली. तिच्या दशक्रियेला किती लोक होते ते आईने सांगितलं होतं, मला सुट्टी मिळाली नाही आणि मी गेले नाही याचं मला अजून वाईट वाटतं. आईला त्या रात्रीचं काहीच आठवत नाही अर्थात, वर्षाचं पोर. पण आईची एक सवय आहे, घरात कुणालाही जुलाब झाले की ती साखर मीठ पाणी करते आणि देण्याआधी एक घोट स्वतः चाखून बघते. मी तिला विचारलं की का चाखतेस, म्हणाली, "मीठ जास्त पडलं तर? डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट नको." हे तिला आज्जीने सांगितलेलं, आज्जीला आक्काने, आक्काला जामखेडच्या त्या हॉलमध्ये कुणीतरी.

मावशीला मी म्हटलं आहे की जानेवारीत मी सुट्टी काढते, आपण दोघी जामखेडला जाऊन येऊ, जुन्या बायकांपैकी कुणी असतील तर भेटू, बसू त्यांच्याजवळ दिवसभर. ती म्हणाली सर्व्हेची तारीख लागली नाही तर येते. आज्जी म्हणाली मला पण न्या, गुडघे दुखले तर दुखले.